बांधावरचा बरका

आमच्या गवसांना एका सतरंजीवर बसवायचं म्हणजे सुपात कुर्ल्या भरायच्या. एक आत टाकावी तर दोन बाहेर. वरच्या घरातले पूर्वेकडच्या सतरंजीवर बसले म्हणून खालच्या घरातले तिथे बसेनात, आणि पश्चिमेला ऊन येतं म्हणून तिथेही बसेनात. शेवटी मी हातातली केरसुणी घरापुढच्या खळ्यात आपटली आणि म्हटलं, "उभेच ऱ्हवा. सही उभ्यानंय करूक येता."

मग बसले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. वायंगणखोल हे माझं माहेर. वाडीच्या डोक्यावर गवसांचं सामाईक रान. सामाईक म्हणजे किती, तर सातबाऱ्यावर इतकी नावं की उतारा देताना तलाठी आधी पाणी प्यायचा. जिवंत, मेलेले, मुंबईला गेलेले, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळे त्यात. एकाने झाडाला कोयता लावला की दुसरा कोयता घेऊन आडवा. त्यामुळे रान आपलं वाढत होतं आणि आम्ही आपले भांडत होतो. त्या रानाच्या पोटातून व्हाळ, म्हणजे ओढा, येतो. व्हाळाचा पाट काढून वाडीच्या पोफळी आणि माड पोसलेले. भर मे महिन्यात पाटात पाय घातला तर बोटं गार पडायची.

माझं सासर त्याच डोंगराच्या पल्याड. तिकडची माणसं समजूतदार. त्यांनी डोंगर मोजून घेतला, वाटून घेतला, एकमेकांना पेढे भरवले आणि रबरवाल्यांना विकून टाकला. जेसीबी आले, रान गेलं, उतारावर पायऱ्या पाडल्या, रबराच्या काठ्या लागल्या. पहिल्या पावसात तिकडच्या व्हाळाला चिखल आला. पुढे तो शिमग्यालाच कोरडा पडायला लागला, आणि एका वर्षी आमच्या पोफळी उभ्याच्या उभ्या वाळल्या. नवरा गोव्यात ट्रकवर. मी दोन्ही मुलांना घेतलं आणि आईच्या बागायतीत येऊन राहिले. तेव्हा व्हाळ मरतो म्हणजे काय होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

त्या वर्षी वाडीत पाणलोटाची योजना आली. रानाच्या कडेला गुरं चरून चरून माती धुपली होती. तिथे चर मारायचे, व्हाळात दगडांचे बांध घालायचे, उघड्या जागी झाडं लावायची. समितीचा सचिव व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला केलं. योजनेचे साहेब म्हणाले, सगळं मंजूर आहे, फक्त जमीनमालकांची संमती आणा. फक्त! मी त्या साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला गवस माहीत नव्हते.

अख्खा उन्हाळा मी उंबरे झिजवले. एक म्हणे, तो सही करणार असेल तर मी नाही. तो म्हणे, ह्याने आधी केली तर मी नाही. एका आतेला वाटलं की मी तिची किडनी मागायला आलेय. पण खरा खिळा होता तो भिवाकाका. माझ्या वडलांचा चुलतभाऊ, वरच्या घराचा कर्ता पुरुष. त्याचं आणि माझ्या वडलांचं वैर एका फणसावरून. दोन घरांच्या मधल्या बांधावर तो फणस उभा आहे. बरं, कापा फणस असता तर समजलं असतं. बरका! तोंडात घातला की घशात सरकणारा. बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. पण त्याच्यावरून वरच्या घराने आमच्या खालच्या घराचं पाणी सोडलं होतं. माझ्या वडलांना खांदा दिला भिवाकाकाने, रडलाही ढसाढसा, पण आमच्या घरात पाण्याचा थेंब घेतला नाही.

मी त्याच्याकडे गेले की तो एवढंच विचारायचा, "आणि फणस?"

एका दुपारी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "घी तो फणस. मुळासकट घी. बापाशीचो हट्ट बापाशीबरोबर गेलो. माका व्हाळ होयो, फणस नको."

तो उठला. मग आत जाऊन टोपी घालून आला. आमच्या घरी आला, पडवीत बसला आणि माझ्या आईला म्हणाला, "वयनी, पाणी दी." आईने तांब्या पदराने पुसून भरून दिला. मी मागे वळून चुलीत फुंकर घालत बसले. चुलीत विस्तव नव्हता.

तर अशी ती बैठक आमच्या खळ्यात भरली होती. मुंबईवाले सुट्टीला आलेले होते, म्हणून मुहूर्त तोच. भिवाकाकाने नारळ पुढे ठेवला, डोकीवरची टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां एका जाग्यार बसली हत. जां काय भांडान-तंटो आसात, तो आज हय सपवून टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या कामाक माज्या घरातसून कोण आडो येवचो नाय, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मी संमतीचे कागद काढले.

तेवढ्यात अंकुश उभा राहिला. अंकुश म्हणजे माझा चुलतभाऊ, नालासोपाऱ्याला असतो, गावाला आला की पाण्याच्या बाटल्या विकत आणून पितो. त्याच्याबरोबर पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला होता. मला वाटलं, ऑफिसातला मित्र असेल. मी त्याला चहासुद्धा दोनदा दिला.

"आता आपण सगळे एक झालोच आहोत," अंकुश म्हणाला, "तर चर कसले मारत बसता? रानासाठी रबराची पार्टी तयार आहे. कित्येक वर्षं तयार आहे. दोन्ही घरांच्या सह्या एकदम हव्यात, एवढीच त्यांची अट होती. आपल्या घरात ते जन्मात शक्य नव्हतं. शशीने ते करून दाखवलं. तिच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. मी हातात कागद घेऊन शुंभासारखी उभी. गणपती करायला गेले आणि माकड झालं, म्हणतात ते हेच.

मग मी बोलायला लागले. सासरचा व्हाळ कसा गेला ते सांगितलं. पोफळी वाळल्या ते सांगितलं. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात ते सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, माना हलवल्या, आणि एकजण म्हणाला, बोअर मारू. दुसरा म्हणाला, दोन मारू. बोअरला पाणी काय त्याच्या मेहुण्याकडून येणार होतं? माझा सख्खा भाऊ उल्हास, त्याला तरी काही वाटावं. तो म्हणाला, तू लग्न होऊन गेलेली, तुझं काय जातं, सही कर आणि आत जा, जेवणाचं बघ.

मी म्हटलं, मी सही करणार नाही, काय करायचं ते करा.

तेव्हा पांढऱ्या शर्टाने पहिल्यांदा तोंड उघडलं. फार गोड माणूस. "ताईंवर जबरदस्ती नको," तो म्हणाला. "त्यांचा वाटा कोपऱ्यात बाजूला काढून देऊ. एका बहिणीच्या वाट्याने आमचं अडत नाही. अडतं ते दोन घरांचा हद्दीचा वाद असला तर. कोर्टकचेरी असेल तिथे आमचे शेठ पाऊलच ठेवत नाहीत. मागे तुमचं ते फणसाचं काहीतरी होतं ना, म्हणून तर इतकी वर्षं आम्ही इकडे फिरकलो नाही. आता मिटलं म्हणे. बरं झालं."

बरं झालं म्हणे.

मी भिवाकाकाकडे बघितलं. वाडीत कुणी काही म्हणो, त्या रानावर त्याचा जीव होता. शिकार नाही, तोड नाही, नुसता सकाळी वर जाऊन व्हाळाच्या उगमाशी विडी ओढत बसायचा. आता तो मान खाली घालून समोरच्या नारळाच्या कवडीकडे बघत होता. मी म्हटलं, "काका, तू तरी बोल."

"काय बोलू, शशे?" तो म्हणाला. "नारळ ठेवलो. आडो येवचंय नाय म्हणान देवाक सांगलंय. आता माका तोंड नाय."

खरंच होतं ते. त्याचं तोंड मीच बंद करून आणलं होतं. उन्हाळाभर पायाला भिंगरी लावून, हातापाया पडून, मी ह्या माणसांची भांडणं मिटवली होती, आणि जगात ज्या एका गोष्टीमुळे ते रान उभं होतं तीच मी झाडून काढली होती. मला माझीच केरसुणी माझ्या डोक्यात घालावीशी वाटली.

अंकुशने कागद पसरले. पहिली सही काकाची. आईने त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला होता. त्याने तो उचलला, ओठाशी नेला.

मी म्हटलं, "फणस माज्या बापाशीचो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उल्हास म्हणाला, आता हे काय मध्येच?

"फणस माज्या बापाशीचो," मी म्हटलं, "आणि काका, तुज्या बापाशीन तो चोरलो. बांध सरकवन चोरलो. सगळ्या वाडयेक म्हायती हा. चोराच्या घराक मी फणस देवचंय नाय."

मेलेल्या माणसाला चोर म्हणायचं, त्याच्या मुलासमोर, आपल्या खळ्यात, नारळ फुटल्यावर. आई आतून धावत आली आणि म्हणाली, "शशे, तोंड सांभाळ." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पण मी काकाकडेच बघत राहिले. तोही माझ्याकडे बघत होता. मग त्याने एकदा पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, एकदा पसरलेल्या कागदांकडे बघितलं, आणि हातातला पेला जमिनीवर उपडा ठेवला. पाणी सतरंजीभर झालं. कागद भिजले.

"वयनी," तो म्हणाला, "आजपासून ह्या घरचां पाणी बंद. ह्या चेडवाक मी कोर्टात दाखयतंय फणस कोणाचो तो. आणि फणसच कित्याक, सगळ्या रानाची हद्द दाखयतंय."

बस. एवढंच हवं होतं. वरच्या घराची सतरंजी उठली, खालच्या घराने बाह्या सरसावल्या. तासाभरापूर्वी एकमेकांना तंबाखू देत बसलेली माणसं आज्या-पणज्यांची नावं काढायला लागली. मला सांगायला लाज वाटते, पण सगळे किती खुशीत भांडत होते! जणू उपास सुटला. पांढरा शर्ट कागद झटकत जीपकडे गेला. अंकुश माझ्याजवळ येऊन म्हणाला, तुला अक्कल आहे का? मी म्हटलं, असती तर ही बैठक बोलावली असती का.

आई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. तिचा दीर इतक्या वर्षांनी तिच्या हातचं पाणी प्यायला होता आणि मी ते तोडलं होतं. खरं कारण तिला सांगावंसं फार वाटलं. पण आई सरळ बाई, तिच्या पोटात काही राहत नसे. वाडीत मी भांडकुदळ झाले. नळावर गेले की बायका हंडे आवरते घ्यायच्या. आणि पाणलोटाची योजना गेली दुसऱ्या गावाला, तेही खरं.

सगळ्यात वाईट म्हणजे, काकाला खरंच राग आला होता की काय, तेच मला कळेना. त्याने खरोखर दावा लावला. रानाला मनाई हुकूम घेतला, कुणी काही तोडायचं नाही, विकायचं नाही. मला नोटीस आली त्यात काकाची सही बघून मी जेवले नाही. चोर म्हटलं होतं मी त्याच्या बापाला. राग येणारच की.

पहिल्या तारखेला तालुक्याला गेले. कोर्टासमोरच्या कँटीनमध्ये मी एका बाकावर, काका दुसऱ्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून. मधे वाडीतले दोघंतिघं, कोण काय बोलतं ते ऐकायला टपलेले. ते पान खायला बाहेर गेले तेव्हा काकाने चहावाल्याला हाक मारली. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात त्याला म्हणाला, "त्या बायेक इचार, तिचो वकील कसो हा?"

चहावाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काही समजेना. मी म्हटलं, "बरो हा म्हणान सांग."

"माजो लय हुशार गावलो," काका भिंतीकडे बघत म्हणाला. "दोन वर्सात निकाल लावतंय म्हणता. असलो वकील काय कामाचो? बदलूक होयो. एखादो सावकाश चलणारो आसात तर तिका इचार."

मी चहाचा कप खाली ठेवला. पदर तोंडात घातला. हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येणार नाही. एवढंच म्हणाले, "परुळेकर वकील सावकाश हत. तेंची एक केस बापाशीकडसून झिलाकडे इली हा."

"मगे तोच बरो," काका म्हणाला, आणि उठून गेला. वळून बघितलं नाही.

त्याच्यानंतर काका मरेस्तोवर आम्ही दोघं सरळ एक शब्द बोललो नाही. माणसं होतीच की बघायला. पण भांडण मात्र नेटाने केलं. त्याने माझी गुरं अडवायची म्हणून रानाच्या कडेने चर खणला. मग मी त्याची गुरं अडवायला माझ्या बाजूने खणला. त्याने व्हाळात दगडाचा बांध घातला, मी खाली दुसरा घातला. साहेबांच्या नकाशात जे होतं ते सगळं आम्ही एकमेकांच्या नावाने बोटं मोडत करून टाकलं. रान वाढलं, कडेची माती थांबली. दर जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालायचा मान भिवाकाकाचा. सगळ्यांसाठी मागून झालं की शेवटी तो म्हणायचा, "जां चललां हा, तां तसांच चलांदे रे म्हाराजा!" सगळे म्हणायचे, होय म्हाराजा. बायकांत मागे उभी राहून मीही म्हणायची, आणि माझा आवाज जरा मोठाच लागायचा.

गेल्या वर्षीच्या वैशाखात भिवाकाका गेला. आजारी होता तेव्हा भेटायला जाता आलं नाही. भांडकुदळ बाई कुठल्या तोंडाने जाणार? स्मशानात बायका जात नाहीत आमच्यात. मी पाटाच्या कडेला उभी राहून धूर बघितला. वडील गेले तेव्हा मला असं पोरकं वाटलं नव्हतं. आणि त्या दुःखातसुद्धा मेलं दुसरंच भय पोटात. काकाचा मुलगा दिगंबर गोव्यात कंपनीत नोकरीला. शिकलेला, थंड डोक्याचा, गावाच्या भांडणात कधी न पडलेला. असली माणसं पाच मिनिटांत तडजोड करतात. दिवसकार्याला अंकुश आला होता, टक्कल पडलं तरी सुधारला नव्हता. तो दिगंबरला चिकटून बसला होता, खांद्यावर हात टाकून हळू आवाजात काही सांगत होता, आणि दिगंबर मान हलवत होता. मी आमच्या खळ्यातून ते बघितलं. म्हटलं, झालं. संपलं.

तेराव्याची पंगत उठल्यावर दिगंबर बांधावर आला. मागे अंकुश, उल्हास, अर्धी वाडी. मी बांधाच्या ह्या बाजूला कपडे वाळत घालत होते. हात तिथेच थांबले. आता हा म्हणणार, शशीताय, बाबा गेले, झालं गेलं विसरू या.

दिगंबर फणसाच्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला. बापाची टोपी त्याच्या डोक्यावर होती, जरा मोठी होत होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "गे शशीताय! माजो बापूस गेलो म्हणान फणस तुजो झालो, असां समजू नको. फणस आमचो. दावो चालूच ऱ्हवतलो."

अंकुश म्हणाला, अरे दिगू, आपलं आत्ताच काय ठरलं?

दिगंबरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता, थेट काकासारखा. "आणि आमचो वकील तोच ऱ्हवतलो," तो म्हणाला. "परुळेकर. बाबा सांगान गेलो, कायव झालां तरी वकील बदलू नको."

माझ्या हातातलं ओलं लुगडं खाली मातीत पडलं. मी कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या वाडीदेखत ओरडले, "चोराचे चोर ते! कोर्टात ये, मगे दाखयतंय!"

मग आत आले, दार लावून घेतलं आणि काकासाठी रडायचं राहिलं होतं ते पोटभर रडले. बाहेर माणसांना वाटलं, अपमान झाला म्हणून रडतेय. बरं झालं. त्या वर्षी बरका नुसता लगडला होता. आमच्याकडच्यांनी हात लावला नाही, त्यांच्याकडच्यांनीही नाही. पिकून पिकून सगळे फणस बांधावर पडले, आणि वासाने महिनाभर वाडीचं डोकं उठलं.